लोकलचा इंडिकेटर ते खिळे ओतणारं मशीन : ‘भारताचे एडिसन’ शंकर आबाजी भिसे यांच्या कल्पनांचा मालक नक्की कोण होता?

संध्याकाळी अंधेरी किंवा घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहा. शेकडो माना एकाच दिशेला वळलेल्या दिसतील, इंडिकेटरकडे. गाडी स्लो आहे की फास्ट, बोरिवलीपर्यंत आहे की विरारपर्यंत, मुलुंडला थांबणार की नाही, हे कळल्याशिवाय मुंबईकराचा जीव शांत होत नाही.

लोकलच्या प्रवाशांना स्टेशन कळावं म्हणून इंडिकेटर बनवायची खटपट एका मराठी तरुणाने एकोणिसाव्या शतकातच केली होती. त्यांचं नाव शंकर आबाजी भिसे. पुढे लंडन आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी त्यांची तुलना थेट थॉमस एडिसनशी केली. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० च्या आसपास पेटंट सांगितली जातात.

‘भारताचा एडिसन, ज्याला आपण विसरलो’ अशा मथळ्याचं एखादं फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेलं असेल. त्यात शोधांची लांबलचक यादी असते आणि शेवटी ‘प्रत्येक भारतीयाने शेअर करा’. पण एवढी बुद्धी, एवढी पेटंट आणि दादाभाई नौरोजींपासून टाटांपर्यंत सगळ्यांचा पाठिंबा असूनही भिसेंचं मशीन जगभर का पसरलं नाही, हे त्या फॉरवर्डमध्ये नसतं.

त्याचं उत्तर शोधायला गेलं की आपण थेट आजच्या सॉफ्टवेअर इंडस्ट्रीच्या दारात येऊन उभे राहतो. कारण भिसेंच्या आयुष्यातला मोठा झगडा विज्ञानाशी कमी आणि पैसा, करार, मालकी यांच्याशी जास्त होता.

लोकल आणि भिसे, दोघांचा जन्म एकाच महिन्यातला

१२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. त्यानंतर १७ दिवसांनी, २९ एप्रिल १८६७ ला, मुंबईत शंकर आबाजी भिसे यांचा जन्म झाला. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंब. त्या काळातल्या पांढरपेशा घरांत मुलाने शिकावं, सरकारी कचेरीत चिकटावं आणि पेन्शनीत निघावं, हाच सरळ मार्ग होता.

शंकरचं लक्ष मात्र यंत्रांत होतं. इंजिनीअरिंग कॉलेजचं शिक्षण नाही, प्रयोगशाळा नाही. अमेरिकेतून येणारं एक विज्ञान मासिक हेच त्यांचं कॉलेज. त्यातल्या आकृत्या बघायच्या, यंत्र कसं चालतं ते समजून घ्यायचं आणि जमेल तसं घरी करून बघायचं. आज यूट्यूब बघून कोडिंग शिकणारी पोरं जे करतात, तेच ते मासिकाच्या पानांवर करत होते.

सुरुवातीच्या खटपटींत लोकलचा इंडिकेटर होता, कोणी आतल्या मालात भेसळ करू नये म्हणून बनवलेली बाटली होती, सायकलला विजेची जोड द्यायचे प्रयोग होते. नजरबंदीच्या खेळांचाही नाद होता. एक ठोस वस्तू प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या वस्तूत बदलतेय असा भास ते आरसे आणि प्रकाशाच्या मदतीने उभा करत. हे प्रयोग त्यांनी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्येही दाखवले.

या काळातली एक गोष्ट फॉरवर्डमध्ये सहसा नसते. भिसेंनी मुंबईत विज्ञानाची आवड असलेल्यांचा एक क्लब काढला आणि ‘विविध कलाप्रकाश’ नावाचं मराठी मासिक चालवलं. सामान्य वाचकाला यंत्रं आणि कला-कौशल्यांची माहिती मराठीतून मिळावी हा त्याचा हेतू. दुसऱ्याच्या मासिकातून शिकलेल्या माणसाने पहिली संधी मिळताच स्वतःचं मासिक काढलं. ज्ञान फुकट घेतलं, तसंच पुढे वाटलंही.

एका रात्रीत जिंकलेली स्पर्धा

१८९० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या ‘इन्व्हेंटर्स रिव्ह्यू अँड सायंटिफिक रेकॉर्ड’ या नियतकालिकाने एक स्पर्धा जाहीर केली. पीठ, साखर असा किराणा माल आपोआप मोजून देणारं यंत्र सुचवायचं होतं. वाण्याच्या दुकानात माल काढायचा, तागडीत टाकायचा, कमी-जास्त करायचा, यातच गिऱ्हाइकांची रांग वाढते. हे काम यंत्राने करावं, अशी कल्पना.

भिसेंनी मुदत संपता संपता घाईघाईत आराखडा तयार करून पाठवला आणि इंग्लंडमधल्या स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस मिळवलं.

या विजयाने मुंबईतल्या पुढाऱ्यांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांनी लंडनमध्ये राहणाऱ्या दादाभाई नौरोजींना पत्र लिहून भिसेंची शिफारस केली. भिसे लंडनला निघाले.

दादाभाई नौरोजी : पुढारी आणि स्टार्टअपचे गुंतवणूकदार

दादाभाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहेत. ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले पहिले भारतीय, १८९२ ते १८९५ फिन्सबरीचे खासदार. भारतातली संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते याचा आकड्यांत हिशेब मांडणारे अर्थतज्ज्ञ.

पण दादाभाई तरुणपणी एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते आणि १८५५ मध्ये कामा कंपनीच्या कामासाठी लंडनला गेलेले व्यापारीही होते. त्यांना पेटंट, भागीदारी, भांडवल ही भाषा कळत होती. त्यांनी भिसेंच्या पाठीवर नुसती थाप मारली नाही, स्वतःचे पैसे घातले आणि आपल्या ओळखी कामाला लावल्या. आजच्या भाषेत ते भिसेंचे एंजल इन्व्हेस्टर होते.

याला देणगी म्हणता येत नाही. भारत कच्चा माल पाठवतो आणि पक्का माल विकत घेतो, हे दादाभाई वर्षानुवर्षं सांगत होते. त्यांच्यासमोर एक मराठी माणूस उभा होता, ज्याच्याकडे पक्का माल होता, म्हणजे यंत्राची कल्पना. ती कल्पना भारतीय माणसाच्या नावावर राहिली आणि त्यातून नफा झाला, तर दादाभाईंचा सगळा युक्तिवाद कागदावरून प्रत्यक्षात आला असता.

बघणाऱ्याकडे न बघणारी जाहिरात

लंडनमधल्या घरातून भिसेंनी एकामागून एक यंत्रं काढली. स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोनमधल्या सुधारणा, डोकेदुखीवरचं उपकरण, आपोआप पाणी सोडणारा संडास. यातलं सगळंच बाजारात चाललं असं नाही. संशोधकाच्या वहीत दहा कल्पना असतात, त्यातली एखादी तगते.

तगलेल्यांपैकी एक होती विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी. दिव्यांच्या मदतीने तिच्यावर मजकूर दिसायचा आणि बदलायचा. लंडनच्या प्रसिद्ध क्रिस्टल पॅलेसमध्ये आणि काही दुकानांत अशा पाट्या लागल्या. आज वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर कांदिवली ते वांद्र्यापर्यंत डोळे दिपवणारे डिजिटल होर्डिंग दिसतात, त्याच कुळातली ही गोष्ट.

इथे जरा थांबूया. भिसेंच्या पाटीसमोरून हजार माणसं गेली तरी पाटीला कोणाचं नाव कळत नव्हतं. कोण थांबलं, किती सेकंद बघितलं, नंतर कुठल्या दुकानात गेलं, याची नोंद कुठेही होत नव्हती. तुमच्या फोनमधली जाहिरात मात्र तुम्हाला बघते. तुम्ही ती किती वेळ बघितली, अंगठा कुठे थांबला, त्याआधी काय शोधलं होतं, हे सगळं मोजलं जातं आणि त्यावर पुढची जाहिरात ठरते. जाहिरात तेव्हाही होती आणि चमकणारीही होती. शंभर वर्षांत फरक पडला तो बघणाऱ्याची माहिती हाच विकायचा माल झाला, यात. भिसेंचा माल मात्र यंत्रच होता.

खिळ्यांची भानगड नेमकी काय होती?

भिसेंच्या आयुष्यातलं सर्वात मोठं काम म्हणजे ‘भिसोटाइप’. ते समजायचं तर जुना छापखाना कसा चालायचा हे थोडं बघावं लागेल.

छपाईसाठी प्रत्येक अक्षराचा धातूचा एक छोटा तुकडा लागायचा. त्याला मराठीत खिळा म्हणतात. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्रधातू वितळवायचा, अक्षराच्या साच्यात ओतायचा, की खिळा तयार. हे खिळे लाकडी खणांत अक्षरवार ठेवलेले असायचे. कंपोझिटर उभा राहून एकेक खिळा उचलायचा आणि ओळ जुळवायचा. छापून झालं की सगळे खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. एका दैनिकाच्या चार पानांसाठी हजारो खिळे आणि अनेक माणसांची रात्रभराची मेहनत.

इंग्रजीत हे त्यातल्या त्यात सोपं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरं यांमुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरने सुबक देवनागरी खिळे बनवून नाव कमावलं ते याच अवघड कामात. लोकमान्य टिळकांनीही देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी डोकं घातलं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत दोन यंत्रांनी हा धंदा पालटला. पहिलं लायनोटाइप, जे १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात सुरू झालं. ऑपरेटर कीबोर्डवर टाइप करायचा, साचे ओळीत येऊन बसायचे आणि वितळलेला धातू ओतून अख्खी ओळ एका तुकड्यात तयार व्हायची. एक अक्षर चुकलं तर ओळ पुन्हा ओतायची. दुसरं मोनोटाइप. यात कीबोर्डवर टाइप केलं की कागदाच्या पट्टीवर भोकं पडायची आणि ती पट्टी दुसऱ्या यंत्रात घातली की ते यंत्र भोकं वाचून एकेक खिळा ओतायचं. सूचना वेगळी आणि यंत्र वेगळं. प्रोग्रॅम आणि कॉम्प्युटर हे नातं या भोकांच्या पट्टीत आधीच दिसतं.

भिसोटाइपने काय करायचं ठरवलं?

ही दोन्ही यंत्रं किमतीला महाग, रचनेला गुंतागुंतीची. लहान छापखान्याला परवडणारी नव्हती. भिसेंचं म्हणणं होतं की खिळे ओतणारं यंत्र यापेक्षा साधं, स्वस्त आणि वेगवान करता येईल. त्यांच्या यंत्राचा दावा होता मिनिटाला १२०० खिळे ओतण्याचा.

या क्षेत्रातल्या जाणकारांचा त्यावर विश्वास बसेना. मुंबईहून आलेला, इंजिनीअरिंगची पदवी नसलेला माणूस लायनोटाइपच्या तोडीचं यंत्र बनवतो म्हणजे काय? भिसेंनी यंत्र बनवून उत्तर दिलं.

पण यंत्र चालणं आणि यंत्र विकलं जाणं यात फार मोठं अंतर असतं. एकदा छापखान्याने एखाद्या कंपनीचं मशीन घेतलं की साचे त्याच कंपनीचे, सुटे भाग त्याच कंपनीचे, दुरुस्तीचा माणूस त्याच कंपनीचा आणि ऑपरेटरही त्याच कीबोर्डवर तयार झालेला. नवं मशीन कितीही चांगलं असलं तरी छापखान्याचा मालक विचार करतो की बदलायचं तर सगळंच बदलावं लागेल. आज तुमचे फोटो, कॉन्टॅक्ट, चॅट एका कंपनीच्या फोनमध्ये अडकलेले असतात आणि दुसरा फोन घ्यायची इच्छा असूनही तुम्ही घेत नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला लॉक-इन म्हणतात. तो जुन्या छापखान्यांतही होता.

हा अडसर कसा मोडतो तेही याच धंद्यात दिसलं. लायनोटाइपची मूळ पेटंट संपल्यावर १९११ च्या सुमारास अमेरिकेत एक प्रतिस्पर्धी कंपनी उभी राहिली, जिचं यंत्र पुढे ‘इंटरटाइप’ नावाने गाजलं. लायनोटाइपचे साचे या यंत्रात चालत होते. छापखान्याला जुनं सगळं फेकून द्यावं लागलं नाही आणि स्पर्धा खरोखर सुरू झाली. एकाचा माल दुसऱ्याच्या यंत्रात चालणं किती महत्त्वाचं असतं, हे यावरून कळतं.

१९०८ : यंत्र तयार, पैसा नाही

भिसोटाइप मोठ्या प्रमाणावर बनवायचं तर भांडवल हवं होतं. दादाभाईंचे स्नेही आणि इंग्लंडमधले समाजवादी पुढारी हेन्री हिंडमन यांनी सुमारे १५ हजार पौंड उभे करायचा विडा उचलला. भांडवलशाहीवर आयुष्यभर टीका करणारा माणूस एका भारतीय संशोधकासाठी भांडवल शोधत फिरत होता, ही त्यातली गंमत.

पण काळ वाईट होता. १९०७ मध्ये अमेरिकेत मोठं आर्थिक संकट आलं होतं. दादाभाई वयाच्या ऐंशीच्या पुढे होते आणि १९०७ मध्ये कायमचे भारतात परतले. हिंडमनना ठरलेली रक्कम उभी करता आली नाही. १९०८ संपता संपता भिसेंना लंडनचं काम बंद करून मुंबईची बोट धरावी लागली.

यंत्र नापास झालं नव्हतं, बँकेतली शिल्लक संपली होती. स्टार्टअपमध्ये काम केलेल्या कोणालाही हे दुखणं ओळखू येईल.

बोटीवरची भेट आणि टाटांचा पैसा

परतीच्या प्रवासात भिसेंची गाठ गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी पडली. गोखल्यांनी त्यांचं काम समजून घेतलं आणि मुंबईत त्यांची ओळख जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याशी करून दिली. हे म्हणजे आपल्या काळातले रतन टाटा नव्हेत, तर १८७१ ते १९१८ या काळातले सर रतन टाटा, ज्यांनी गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजालाही पैसा दिला होता.

टाटांच्या पैशावर भिसे पुन्हा लंडनला गेले. १९१० च्या सुमारास ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट’ उभी राहिली. नावात दोघंही होते, पैसा देणारा आणि डोकं चालवणारा. भिसेंच्या आयुष्यातली ही सर्वात भक्कम व्यवस्था म्हणता येईल.

तीही टिकली नाही. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. युद्धाच्या काळात छपाईच्या नव्या मशीनमध्ये पैसा घालायला कोण तयार होणार? टाटांची तब्येतही ढासळत होती. १९१८ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, इंग्लंडमध्येच त्यांचं निधन झालं.

दोन मोठे आधार, दोन्ही व्यक्तींचे. एक म्हातारपणामुळे दूर गेला, दुसरा मृत्यूमुळे. संशोधकाला पैसा पुरवणारी बँक, विद्यापीठ, सरकारी खातं असं काहीच तेव्हा भारतीयांच्या हातात नव्हतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या संशोधकाच्या मागे शेअर बाजार आणि कारखानदारी उभी असायची. भिसेंच्या मागे चार भली माणसं उभी होती.

न्यूयॉर्क, पुन्हा पहिल्यापासून

युद्ध सुरू असतानाच भिसे अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कला स्थायिक झाले. तिथे त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्रावर नव्याने काम केलं, नवी पेटंट घेतली आणि ‘आयडियल टाइप कास्टर’ या नावाने यंत्र बाजारात आणायचा प्रयत्न केला. लंडनला जमलेलं सगळं मागे ठेवून पन्नाशीत नव्या देशात पुन्हा शून्यापासून सुरुवात.

याच काळात ते रसायनांकडेही वळले. आयोडीनपासून त्यांनी एक औषध तयार केलं, जे ‘अ‍ॅटोमिडिन’ नावाने विकलं गेलं. अमेरिकेतले गूढवादी एडगर केसी यांनी त्याची शिफारस केल्यामुळे ते पुढेही चर्चेत राहिलं. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या काळात अशा औषधांबद्दल मोठमोठे दावे केले जायचे. आजच्या वैद्यकीय कसोट्यांवर ते दावे सिद्ध झालेले नाहीत. त्यामुळे ‘भारतीय शास्त्रज्ञाचं चमत्कारी औषध’ असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका. भिसेंचा आदर ठेवण्यासाठी त्याची गरज नाही.

१९३० मध्ये भिसे प्रत्यक्ष एडिसनना भेटले. ज्यांच्या नावाने लोक त्यांना ओळखत होते, ते एडिसन तेव्हा आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात होते. पुढच्याच वर्षी ते गेले. ७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये भिसेंचंही निधन झालं. वय ६७.

एडिसनशी तुलना कौतुकाची असली तरी तिच्यात एक मोठी गोष्ट झाकली जाते. एडिसनकडे स्वतःची प्रयोगशाळा होती, पगारी माणसांची फौज होती, वकील होते, कंपन्या होत्या. त्यांच्या नावावरच्या अनेक कामांत इतरांचा हात होता. भिसेंकडे यातलं जवळपास काही नव्हतं. त्यामुळे २०० आणि ४० हे आकडे एडिसनच्या हजाराहून अधिक पेटंटांशेजारी ठेवून कोण मोठं हे ठरवणं चुकीचं आहे.

आपण त्यांना का विसरलो?

यंत्राचा शोध लक्षात राहतो तो यंत्र वापरात राहिलं तर. भिसोटाइप मुंबईच्या छापखान्यांत घरोघरी झालं असतं, तर कंपोझिटरच्या तोंडी ते नाव राहिलं असतं. तसं झालं नाही. देवनागरी मजकूर मशीनवर जुळवायचं काम १९३० च्या दशकात पुढे गेलं, तेही हरी गोविल या भारतीयाच्या प्रयत्नाने, पण अमेरिकेच्या लायनोटाइप कंपनीच्या यंत्रावर. डोकं आपलं, मशीन त्यांचं.

हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? १९७३ मध्ये अंधेरी पूर्वेला सीप्झ सुरू झालं. निर्यातीसाठीच बनवलेला हा पट्टा. पुढे सॉफ्टवेअर बाहेरच्या देशांना पुरवणाऱ्या कंपन्या इथे आल्या. मरोळ, साकीनाका, पवई, मालाडचं माइंडस्पेस या भागांत आज हजारो तरुण कोड लिहितात. त्या कोडचा मालक कोण?

कायदा काय सांगतो ते थोडक्यात बघू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमही येतो. त्याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणजे कोड तुम्ही लिहिलात तरी तो कंपनीचा. पेटंटचं गणित वेगळं आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला भारतात पेटंट मिळत नाही. पण जिथे पेटंट मिळतं, तिथे मालकी कंपनीला विकली तरी शोध लावणाऱ्याचं नाव कागदावर राहतं. भिसेंचं नाव म्हणूनच आज सापडतं. तुमच्या फोनमधलं ॲप कोणी लिहिलं त्यांची नावं मात्र तुम्हाला कुठेच दिसणार नाहीत.

पेटंटचा सौदाही समजून घेण्यासारखा आहे. सरकार संशोधकाला ठरावीक काळ मक्तेदारी देतं, आपल्याकडे आता २० वर्षं. बदल्यात त्याला आपलं यंत्र कसं चालतं हे आकृत्यांसह जगाला सांगावं लागतं. मुदत संपली की ते सगळ्यांचं. भिसेंच्या कंपन्या बुडाल्या, गुंतवणूकदार गेले, यंत्रं भंगारात गेली, पण आकृत्या राहिल्या. बंद सॉफ्टवेअरचं तसं नसतं. त्याचा कोड तिजोरीत असतो. कंपनी बंद पडली की तिजोरीसकट सगळं जातं.

मराठीने याचा फटका खाल्लेला आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ मध्येच आली होती, तरी त्यानंतर कित्येक वर्षं आपल्याकडे मराठी टाइप व्हायचं ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या खासगी फॉन्टमध्ये. एका फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की ‘क’च्या जागी इंग्रजी अक्षर आणि वेलांटीच्या जागी कंस. जुन्या सीडीवर पडलेली कित्येक पुस्तकं, अंक, प्रबंध आजही त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत. मजकूर लेखकाचा, भाषा सगळ्यांची, पण किल्ली तिसऱ्याच्याच खिशात. युनिकोड हे सगळ्यांसाठी खुलं मानक रुळल्यावर हा गुंता सुटला. तुम्ही हा लेख कुठल्याही फोनवर वाचू शकता, तो त्यामुळेच.

मग भिसेंकडून घ्यायचं काय?

पहिली गोष्ट, कागद वाचा. नोकरीच्या ऑफर लेटरमध्ये ‘बौद्धिक संपदा’ असा एक परिच्छेद असतो. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या लॅपटॉपवर, घरी बनवलेली गोष्टही कंपनीची, असं काही करारांत लिहिलेलं असतं. सही करण्याआधी विचारा. भिसेंच्या आयुष्यातले चढउतार कोणाशी कसा करार झाला यावर ठरले. आपलेही त्यावरच ठरतात.

दुसरी गोष्ट, किल्ली आपल्याकडे ठेवा. आपला मजकूर, फोटो, हिशेब अशा स्वरूपात साठवा की उद्या ॲप बंद झालं तरी दुसरीकडे उघडता येईल. सरकारी कामांत ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं असं केंद्र सरकारचं २०१५ चं धोरण सांगतं, त्यामागेही हाच विचार आहे. लोकांच्या पैशातून बनलेली व्यवस्था एका कंपनीच्या तिजोरीत अडकू नये.

तिसरी गोष्ट, अभिमान बाळगायचा असेल तर पुराव्याने बाळगा. जुनी पेटंट आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात. गूगलच्या पेटंट शोधात भिसेंचं आडनाव टाकून बघा. इंग्रजी स्पेलिंग त्या काळच्या पद्धतीचं आहे, शेवटी ‘ई’ आणि ‘वाय’. खिळे ओतणाऱ्या यंत्राच्या आकृत्या दिसतील. दांडे, चाकं, साचे, प्रत्येक भागाला नंबर आणि शोध लावणाऱ्याच्या रकान्यात एका मुंबईकराचं नाव.

पुढच्या वेळी ‘भारताचा एडिसन’ असं फॉरवर्ड आलं, तर त्यासोबत त्यातली एखादी आकृती पाठवा.